‘आईच्या हातची चव’ आता पुरे

माझ्या आईचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. वेणी घालताना ती हात डोक्याकडे नेत नाही, डोकं हाताकडे झुकवते. डॉक्टरांनी या दुखण्याला ‘फ्रोझन शोल्डर’ म्हणतात असं सांगितलं, व्यायाम लिहून दिले आणि जड काम बंद करायला सांगितलं.

गेल्या मे महिन्यात मी मलकापूरला घरी होतो. पहाटे चारला अंगणात भांड्यांचा आवाज झाला म्हणून बाहेर येऊन पाहिलं. चुलीवर मोठं पातेलं चढलेलं आणि आई डाव्या हाताने गव्हाचा चीक घोटत होती. उजवा हात नुसता काठीला टेकवलेला.

ज्यांनी कुरडया फक्त तळलेल्याच पाहिल्या आहेत त्यांच्यासाठी सांगतो. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं. मग ते वाटायचे, गाळायचे, चोथा काढायचा. रात्रभर चीक खाली बसतो, वरचं पाणी ओतून द्यायचं. पहाटे आधण ठेवून त्यात चीक सोडायचा आणि गुठळी होऊ न देता हलवत राहायचं. तो घट्ट होत जातो तसा काठीला असा चिकटतो की काठी आपल्याला ओढते. शिजला की गरम असतानाच सोऱ्यातून दाबून कुरडया घालायच्या. हे सगळं पहाटेच, कारण आमच्याकडचं मे महिन्याचं ऊन दिवसभर पुरेपूर मिळालं पाहिजे.

मी म्हटलं, “आई, डॉक्टरनं काय सांगितलं होतं?”

ती काठी न थांबवता म्हणाली, “अरे, तूच तर फोनवर म्हनला होता ना, इकतच्या कुरडईले चव नसते म्हनून.”

म्हणालो होतो. फेब्रुवारीत कधीतरी, पुण्यात हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेलो असताना, बोलायला काही नव्हतं म्हणून. तिला बरं वाटावं म्हणून. ते एक वाक्य तिच्यापर्यंत कौतुक म्हणून पोचलंच नाही. ती माझी ऑर्डर होती. तारीख ठरलेली, मोबदला शून्य, आणि नकार द्यायची सोय नाही, कारण नकार दिला तर ती आई कसली!

हा लेख त्या वाक्याविरुद्ध आहे. ‘आईच्या हातची चव’ या शब्दांवर आपण पोसलेल्या अख्ख्या धर्माविरुद्ध आहे. आणि हो, फ्रीजरच्या बाजूने आहे.

उकडलेली करंजी

दोन वर्षांपूर्वी कंपनीने मला सात महिन्यांसाठी न्यू जर्सीला पाठवलं होतं. टीममधल्या एका सहकाऱ्याने एका रविवारी दुपारी जेवायला बोलावलं. घर ज्यू, कोशर पाळणारं. कोशर म्हणजे ज्यू धर्माचे खाण्यापिण्याचे नियम. रवंथ करणाऱ्या आणि खूर दुभंगलेल्या प्राण्याचंच मांस खायचं, खवले आणि पर असलेलेच मासे खायचे, मांस आणि दूध एका जेवणात आणायचं नाही. दोन्हींची भांडीसुद्धा वेगळी.

स्वयंपाकघरात त्याची आजी होती. ऐंशीच्या पुढची. तिने फ्रीजर उघडला आणि एका जुन्या ज्यू डेलीतून आणलेलं पाकीट बाहेर काढलं. डेली म्हणजे खाऊचं दुकान आणि खानावळ यांच्यामधलं काहीतरी. पाकिटात पिरोगी होते. पूर्व युरोपातला हा पदार्थ दिसतो थेट आपल्या करंजीसारखा, अर्धचंद्र, कडा दाबलेली. फक्त तळायच्या आधी किंवा तळण्याऐवजी तो उकळत्या पाण्यात सोडतात. आत कुस्करलेला बटाटा आणि तेलात परतलेला कांदा. पोलंडमध्ये त्यात चीजही घालतात, पण मांस विकणाऱ्या कोशर डेलीत चीज चालत नाही, म्हणून नुसता बटाटा-कांदा. असा पदार्थ मांसासोबतही चालतो आणि दुधासोबतही.

आजीने चष्मा लावला, पाकीट उलटं केलं आणि एका कोपऱ्यातला छोटा शिक्का नीट पाहिला. वर्तुळात ‘यू’ अक्षर. ही अमेरिकेतल्या ऑर्थोडॉक्स युनियन या संस्थेची खूण. शिक्का दिसल्यावर तिने पाणी उकळायला ठेवलं. ती किंमत बघत नव्हती, फोटोही बघत नव्हती.

मला राहवलं नाही. मलकापूरचा मुलगा आहे मी. विचारलं, “तुम्ही हे घरी नाही करत?”

ती हसली. म्हणाली, “चाळीस वर्षं केले. आता खाते.”

टेबलावर कुणीही उसासा टाकला नाही. ‘आजीच्या हातचे असते तर!’ असं कुणी म्हटलं नाही. पिरोगी चांगले होते. आजी आमच्याबरोबर बसून गरम खात होती. मला त्या टेबलावर काहीतरी खटकत होतं आणि काय ते कळायला वेळ लागला. घरातली सर्वांत म्हातारी बाई सगळ्यांच्या आधी खुर्चीवर बसली होती.

त्याच आठवड्यात मी एडिसनच्या ओक ट्री रोडवरच्या भारतीय दुकानात गेलो. फ्रीजरमध्ये पुरणपोळ्या होत्या, उकडीचे मोदक होते. पुरणपोळ्या घेतल्या, तव्यावर गरम केल्या, तूप सोडलं, बऱ्यापैकी लागल्या. रात्री आईचा व्हिडिओ कॉल आला, काय जेवलास म्हणून. मी म्हणालो, “खिचडी.”

खोटं का बोललो? कारण तिला वाईट वाटलं असतं. तिला वाईट का वाटलं असतं? कारण आपण सगळ्यांनी मिळून तिला पटवून दिलंय की तिची घरातली जागा त्या पुरणपोळीवर टिकून आहे.

‘पारंपरिक’ किती जुनं?

आता पहिला आक्षेप येईल: पण परंपरेचं काय?

चला, परंपरा बघू. ‘पारंपरिक’ बटाट्याच्या पिरोगीतला बटाटा दक्षिण अमेरिकेतला. प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक याला १७५६ मध्ये बटाटा लावा म्हणून हुकूम काढावा लागला होता. पूर्व युरोपातल्या गरिबांच्या ताटात तो रोजचा झाला त्यालाही दोनेकशे वर्षंच झाली. त्याआधी त्या अर्धचंद्रात दुसरं काहीतरी असायचं.

आपल्याकडेही तेच. ‘बटाटा’ हा शब्दच पोर्तुगिजांकडून आला. आमच्या घरी आषाढी एकादशीला जे ताट होतं त्याकडे एकदा नीट बघा. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कसावा अमेरिकेतला. शेंगदाणा तिकडचा, मिरची तिकडची, रताळं तिकडचं, बटाटा तिकडचा, राजगिराही मुळात तिकडचाच. भगर तेवढी इथली. म्हणजे कोलंबस निघाला नसता तर आपल्या उपवासाची फारच पंचाईत होती. पण उपवास मोडला का? नाही. कारण उपवास हा पदार्थांचा नव्हताच, नियमाचा होता. या दिवशी हे खायचं नाही, एवढं लोकांनी धरून ठेवलं. ताट पार बदललं.

अजून जवळचं उदाहरण हवं? मलकापूरहून रेल्वेने नागपूरच्या दिशेने निघालात की नांदुऱ्यानंतर थोड्याच वेळात शेगाव येतं. शेगावची कचोरी आम्हा बुलडाणेकरांचा अभिमान. परगावच्या पाहुण्याला ती खिलवल्याशिवाय आम्ही सोडत नाही. ती सुरू केली फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या तीर्थराम शर्मा यांनी, शेगावच्या रेल्वे स्टेशनवर, १९५० च्या सुमारास. एका निर्वासिताने गाड्यांतल्या प्रवाशांना विकायला केलेला, पिठात सारण भरलेला पदार्थ. तो पहिल्या दिवसापासून विकतचाच आहे. तो ‘घरी’ कधी होताच कुठे? तरी तो आमचा झाला. कचोरी खाताना कुणाला आई आठवून गहिवरून येत नाही आणि तिची चवही त्यामुळे कमी होत नाही.

चीक इथला आणि तिथला

आजीचं उदाहरण अमेरिकेतलं म्हणून सोडून देऊ नका. तीच गोष्ट महाराष्ट्रात, मराठीत घडलेली आहे, आणि ती आमच्या अंगणातल्या त्या चिकापर्यंत येते.

कोकणात अलिबागच्या आसपासच्या गावांत शेकडो वर्षं राहिलेले ज्यू म्हणजे बेने इस्राएल. त्यांची कथा अशी की जहाज फुटलं आणि वाचलेली सात जोडपी नवगावच्या किनाऱ्याला लागली. ती तेल गाळण्याच्या धंद्यात शिरली. शनिवारी घाणा बंद ठेवायची, म्हणून लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणू लागले. आडनावं गावांवरून पडली: पेणकर, रोहेकर, दिवेकर, नवगावकर. भाषा मराठी, बायकांची लुगडी मराठी, स्वयंपाक नारळ-तांदळाचा. शतकानुशतकं त्यांच्याजवळ ना रब्बी होता, ना सिनेगॉग. मुंबईत त्यांचं पहिलं सिनेगॉग उभं राहिलं ते १७९६ मध्ये.

मग ते ज्यू राहिले कसे? शनिवार पाळून, मुलांची सुंता करून, ‘शेमा’ ही एक प्रार्थना पाठ ठेवून आणि खाण्याचे थोडे नियम सांभाळून. त्यांच्यात एक कथा सांगतात. डेव्हिड राहाबी नावाचा बाहेरचा ज्यू कोकणात आला. हे लोक खरंच आपल्यातले का, हे पाहायला त्याने बायकांसमोर निरनिराळे मासे ठेवले. बायकांनी खवले आणि पर असलेले तेवढे उचलले, बाकीचे बाजूला सारले. त्याची खात्री पटली. कथा खरी-खोटी असो, तिचा रोख बघा. तो बायकांना ‘तुमच्या आजीचं कालवण करून दाखवा’ असं म्हणत नाही. त्याला चव नको आहे. नियम लक्षात आहे का, एवढंच तो बघतो.

त्यांच्या सणांची जुनी नावं वाचली की मी थक्क होतो. नव्याचा सण, खिरीचा सण, बिरड्याचा रोजा. हिब्रू कॅलेंडर कोकणी स्वयंपाकघरातून गेलंय. मटणाला दाटपणा हवा तर दही घालायचं नाही, नारळाचं दूध घालायचं. नियम पश्चिम आशियातला, उपाय रायगडच्या वाडीतला. एलियाहू हन्नाबीच्या नावाने पोहे, ओलं खोबरं, गूळ आणि फळांचा मलिदा करायचा. आणि रोश हशनाला, म्हणजे त्यांच्या नव्या वर्षाला, काय? चिकाचा हलवा. गहू भिजवून, वाटून काढलेला तोच चीक, नारळाच्या दुधात घोटलेला. मलकापूरला आम्ही त्याच चिकाच्या कुरडया घालतो.

१९४८ नंतर यांतले बहुतेक लोक इस्रायलला गेले. दिमोना, लोद, अश्दोद अशा गावांत मराठी पोचली. तिथून ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिकही निघत आलंय. देश बदलला, हवामान बदललं, घरं बदलली, स्वयंपाक करणारे हात कितीदा बदलले. मलिदा राहिला.

मी सॉफ्टवेअरवाला आहे, आमच्या भाषेत सांगतो. ज्या सिस्टीमचा सगळा भार एकाच मशीनवर असतो तिला आम्ही चांगली सिस्टीम म्हणत नाही. ते मशीन बंद पडलं की सगळं बंद. याला आमच्याकडे ‘सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर’ म्हणतात आणि डिझाइन करताना पहिल्यांदा तेच शोधून काढतात. मराठी घरांनी आपली अख्खी खाद्यपरंपरा एका पन्नाशीच्या बाईच्या खांद्यावर ठेवली आहे आणि वर त्या रचनेला संस्कृती असं नाव दिलंय. कमलाबाई ओगल्यांनी १९७० मध्ये ‘रुचिरा’त वाटी-चमच्याची मापं लिहून ठेवली, म्हणजे ज्ञान हातातून कागदावर आणलं, त्यालाही पन्नास वर्षं उलटली. आपण मात्र अजून ‘अंदाजाने घालते बघ माझी आई’ यातच खूश.

वाळवण म्हणजे काय होतं?

दुसरा आक्षेप: फ्रोझन म्हणजे शिळं, त्यात केमिकल घालतात.

अन्न खराब करणाऱ्या जिवाणूंना पाणी लागतं. त्यांना पाणी मिळू द्यायचं नसेल तर दोन रस्ते आहेत. एक, पाणी काढून टाका: हे वाळवण. दुसरा, पाणी आहे तिथेच गोठवून टाका: हा फ्रीजर. उणे १८ अंशांना जिवाणू मरत नाहीत सगळे, पण त्यांची वाढ थांबते. टिकण्यासाठी वेगळं काही घालावंच लागतं असं नाही. गोठवणं सावकाश झालं तर बर्फाचे मोठे स्फटिक होतात, पदार्थाच्या पेशी फाडतात आणि तो लिबलिबीत होतो. झटकन गोठवलं तर स्फटिक बारीक राहतात आणि पोत टिकतो. क्लॅरेन्स बर्ड्सआय नावाच्या माणसाने कॅनडातल्या लॅब्रडॉरमध्ये इन्युइट लोकांचे बर्फाळ वाऱ्यात क्षणात गोठणारे मासे पाहून हे हेरलं, आणि १९३० पासून अमेरिकेत गोठवलेल्या अन्नाची पाकिटं दुकानात मिळू लागली.

म्हणजे आमची कुरडई, पापड, सांडगे, बिबड्या हे वऱ्हाड-खानदेशचं ‘फ्रोझन फूड’च होतं. त्या काळात आमच्याकडे ऊन फुकट होतं, बर्फ महाग होता. एकदा करून ठेवायचं, वर्षभर काढून खायचं. आपल्या आज्या काही ‘ताजं, रोजच्या रोज’ या तत्त्वाच्या पुजारी नव्हत्या. काम वाचवायची युक्ती त्यांना माहीत होती, आणि त्या ती एकत्र बसून वापरायच्या. गल्लीतल्या पाच-सात बायका आज हिच्या घरी, उद्या तिच्या घरी. त्या बायका आता नाहीत. कुणी पुण्याला सुनेकडे, कुणी संभाजीनगरला. सात जणींचं काम एकीवर आलं आणि आपण म्हणतो परंपरा टिकली.

याचे आकडेही आहेत. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या बायकांचे रोज सरासरी २९९ मिनिटं त्या कामांत जातात. जवळपास पाच तास. पुरुषांचे ९७ मिनिटं. तेही जे करतात त्यांचे. दिवसभरात असं काहीतरी काम करणारे पुरुष शंभरात सव्वीस, बायका एक्क्याऐंशी. त्या पाच तासांत आपल्या ‘विकतच्याला चव नाही’चा वाटा किती, हे ज्याने-त्याने आपल्या घरापुरतं मोजावं. मी मोजला. आवडला नाही.

शिक्का कुणाचा, कशाचा?

तिसरा आक्षेप सर्वांत अवघड आहे आणि तो माझा स्वतःचाच आहे. पाकीट आकाशातून पडत नाही. आईने सोडलेली काठी दुसऱ्या कुणाच्यातरी हातात जाते, आणि ती बहुतेकदा आईपेक्षा गरीब बाई असते. मग मी आईला सोडवलं की फक्त दुखणं दुसऱ्या खांद्यावर सरकवलं?

इथे तो कोशरचा शिक्का पुन्हा बघण्यासारखा आहे. तो प्रश्न विचारतो. सारणात काय आहे, तेल कोणतं, भांडं कोणतं, देखरेख कुणाची. आपल्या पाकिटावर लिहिलेलं असतं ‘घरगुती’. घरगुती म्हणजे काय? कुणाच्या घरचं? त्या घरात काम करणाऱ्या बाईला किलोमागे काय मिळालं? हा शब्द काहीच विचारत नाही आणि काहीच सांगत नाही. बाईचं घर आणि मायेचा वास एवढं विकतो, बाईचं नाव गाळतो.

पण शिक्क्यालाही देव करू नका. १९६२ च्या सुमारास इस्रायलच्या मुख्य रब्बींनी याच बेने इस्राएल लोकांच्या लग्नाआधी त्यांच्या पूर्वजांची चौकशी करायचा आदेश काढला. कोकणात घाणा बंद ठेवून शनिवार पाळणाऱ्यांची नातवंडं, आणि त्यांना विचारलं गेलं की तुम्ही खरे ज्यू कशावरून? त्यांनी आंदोलन केलं. १९६४ मध्ये सरकार आणि संसद त्यांच्या बाजूने उभी राहिली तेव्हा तो आदेश बदलावा लागला. २००८ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, पोस्टव्हिल गावी, कोशर मांसाच्या मोठ्या कारखान्यावर धाड पडून ३८९ स्थलांतरित कामगारांना अटक झाली आणि तिथल्या कामाच्या परिस्थितीची चर्चा देशभर झाली. तेव्हा ज्यू समाजातूनच प्रश्न आला: प्राणी नियमाने कापला, पण कापणाऱ्या माणसाला पिळून घेतलं, तर ते अन्न कोशर कसं? कामगारांच्या हक्कांसाठी वेगळा शिक्का असावा यासाठी तिथे चळवळ झाली.

मला हा प्रश्न आपल्याकडे हवा आहे. आपण अन्नाच्या शुद्धतेवर जीव टाकणारा समाज आहोत. सोसायटीत कोण काय शिजवतो यावर मीटिंगा होतात, हॉटेलवर ‘शुद्ध शाकाहारी’ची पाटी आधी शोधली जाते. ते शिजवणाऱ्या बाईला रविवारी सुट्टी आहे का, हे विचारायला मात्र एकही पाटी नाही.

आणि हे जमत नाही असं म्हणू नका. १५ मार्च १९५९ ला मुंबईत गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. त्याचंच पुढे ‘श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड’ झालं. पीठ न्यायचं, घरी लाटायचं, पापड द्यायचे, पैसे घ्यायचे. आणि लाटणारी प्रत्येक बाई नोकर नाही, मालकीण. त्या सातांपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. विकतचा पापड खाताना आज कुणाला अपराधी वाटतं का? आपल्या आईने पापड लाटणं सोडलं तेव्हा कुठली संस्कृती बुडाली? पापडाचं जे झालं ते कुरडईचं, करंजीचं, पुरणपोळीचं का होऊ नये?

अमेरिकेत ‘मिसेस टीज’ नावाचे फ्रोझन पिरोगी सगळीकडे मिळतात. पेनसिल्व्हेनियातल्या खाणगावातल्या टेड ट्वार्डझिक यांनी १९५२ मध्ये आईच्या कृतीवरून ते सुरू केले. पाकिटावरची ‘मिसेस टी’ म्हणजे त्यांची आई मेरी. कौतुकाचीच गोष्ट, पण मी ते वाचून थोडा वेळ थांबलो. आईच्या आख्ख्या नावातून पाकिटावर उरलं एक अक्षर, तेही सासरच्या आडनावाचं. आपल्याकडे तर तेवढंही नाही. आपल्याकडे ती फक्त ‘आई’ असते. ‘आईच्या हातची चव’मध्ये आईलाच नाव नाही.

यंदाची दिवाळी

गेल्या दिवाळीत मी आधीच फोन करून सांगितलं की फराळ करायचा नाही. आई म्हणाली, “मंग काय इकत आनू? लोक काय म्हनतीन?” मी म्हटलं, मी आणतो. बाबा मागून म्हणाले, “घरात बाई असून विकतचा फराळ!” मी म्हटलं, “मग तुम्ही करा.” दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. हे सगळं हसतखेळत झालं असं मला लिहायचं नाहीये, कारण तसं झालं नाही.

मलकापुरातल्याच एका बचत गटाकडे करंज्या आणि चकल्या सांगितल्या. घ्यायला मी आणि आई दोघं गेलो. एका खोलीत चार बायका होत्या. आईने पहिल्यांदा तेलाचा डबा पाहिला, मग सारण चाखलं, मग त्यांच्यातल्या थोरल्या बाईला विचारलं, “ताई, किलोमागं सुटतात किती तुम्हाले?” त्यांनी आकडा सांगितला. आई माझ्याकडे वळून म्हणाली, “याले पन्नास रुपये जास्त दे.” त्या आजीने चष्मा लावून पाकीट उलटं केलं होतं, तसंच हे.

लक्ष्मीपूजनाला डबा उघडला. आईने करंजी मोडली, कड बघितली आणि निकाल दिला, “कड जाड झाली. खोबरं भाजायले घाई केली त्यायनं.” बाबांनी लगेच माझ्याकडे जिंकल्यासारखं पाहिलं. मीही खोटं बोलणार नाही, आईच्या करंजीइतकी ती चांगली नव्हती.

आईने दुसरी करंजी घेतली. मग तिसरी. शेजारच्या काकू आल्या, त्यांना तिने खुर्चीवरूनच हाक मारून बसवलं, आणि दोघी बराच वेळ बोलत राहिल्या. दिवाळीच्या संध्याकाळी आईला बसलेली मी त्याआधी कधी पाहिल्याचं मला आठवत नाही.

यंदा मे महिन्यात कुरडया होणार नाहीत. फेब्रुवारीत फोन केला तेव्हा मी विचारलं, खांद्याचे व्यायाम चालू आहेत का? म्हणाली, “करते की. हात आता कानापर्यंत जाते.”